ठसका लागला होता का?

श्वासनळीत शेंगदाणा गेलेलं मूल तासाभराने बहुधा अंगणात खेळत असतं. हा विषय अवघड का आहे, हे सांगायला एवढं वाक्य पुरे. पहिली दोन-चार मिनिटं भयंकर जातात. मूल लालबुंद होतं, डोळ्यांतून पाणी येतं, खोकल्याची उबळ थांबता थांबत नाही. कुणी पाठीत थापट्या मारतं, कुणी ‘वर बघ, वर बघ’ म्हणत हनुवटी उचलतं. मग उबळ ओसरते, घोटभर पाणी पाजलं जातं आणि घरातले हुश्श करतात. दाणा बाहेर पडला की पोटात गेला, याची चौकशी कोणी करत नाही. तो तिसऱ्याच ठिकाणी गेलेला असू शकतो, स्वरयंत्र ओलांडून एखाद्या फुफ्फुसाच्या मुख्य नळीत.

तिथे तो बसला की नळीच्या अस्तराला त्याची सवय होते आणि खोकला विरतो. वैद्यकाची पुस्तकं या आजाराचे तीन टप्पे सांगतात: आधी ठसका, मग शांतता, मग गुंतागुंत. मधली शांतता काही तासांची असते, काही दिवसांची असते, क्वचित महिनोन्‌महिने टिकते. तिसऱ्या टप्प्यात ताप येतो, छाती भरते, न्यूमोनिया होतो, तोच न्यूमोनिया त्याच जागी पुन्हा होतो आणि फारच दुर्लक्ष झालं तर फुफ्फुसाचा तो भाग कायमचा खराब होतो. पहिल्या टप्प्यात निदान आईसुद्धा करू शकते. तिसऱ्या टप्प्यात डॉक्टर करतात, पण ते न्यूमोनियाचं असतं, त्यामागच्या दाण्याचं नसतं. मुलांच्या श्वासनळीत गेलेल्या वस्तूंवरच्या या पुस्तकाचा रोख मधल्या टप्प्यावर आहे आणि तो तसाच असायला हवा होता.

वय ठरलेलं आहे. बहुसंख्य मुलं १ ते ३ वर्षांची असतात आणि मुलींपेक्षा मुलगे जरा जास्त. या वयात पुढचे दात आलेले असतात, म्हणून मूल दाणा फोडू शकतं. दाढा मात्र पुरत्या आलेल्या नसतात. दुधाच्या शेवटच्या दाढा यायला दोन ते अडीच वर्षं लागतात, म्हणून फोडलेला दाणा बारीक होत नाही. त्यात हे मूल घास तोंडात ठेवून पळतं, हसतं, रडतं, बोलतं. हसताना आणि रडताना माणूस मोठा श्वास आत घेतो आणि तेवढ्या एका श्वासात दाणा जातो.

श्वासनळीत जाणाऱ्या वस्तूंच्या यादीत जगभर शेंगदाणा वर आहे. आपल्याकडे त्याला काय कमी! पोह्यांत तो, चिवड्यात तो, चिक्कीत तो, उकडलेल्या शेंगांत तो, उपासाच्या दिवशी तर विचारूच नका. मागोमाग हरभरे, फुटाणे, मक्याचे दाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि आजोबांच्या पानाच्या डब्यातलं सुपारीचं खांड. खाण्याबाहेरच्या वस्तूंत मणी, खेळण्यातली शिट्टी, खेळण्यातून निखळलेला एलईडी दिवा, थोड्या मोठ्या मुलांत तोंडात धरलेलं पेनचं टोपण किंवा टाचणी. पेनच्या टोपणाच्या टोकाला भोक असतं ते याचसाठी: चुकून आत गेलंच तर हवा जायला वाट राहावी. फुटलेल्या फुग्याच्या तुकड्याबद्दल लोक निर्धास्त असतात आणि तोच सगळ्यांत घातक. तो स्वरयंत्रावर चिकटून बसतो आणि निदान करायला वेळच देत नाही.

आता या मुलाचा पुढचा प्रवास पाहा, कारण तो ठरावीक आहे. आठवड्याभराने खोकला सुरू होतो. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं जातं. ‘कफ झालाय’ म्हणून औषध मिळतं. छाती वाजत असते, म्हणून वाफ दिली जाते. बरं वाटतं. औषध संपलं की पुन्हा तेच. मग कुणीतरी ‘बाळदमा’ म्हणतं आणि स्टिरॉइड सुरू होतं. इथे खरी फसगत आहे. स्टिरॉइडने दाण्याभोवतीची सूज उतरते, अँटिबायोटिकने मागे साचलेला संसर्ग दबतो, मूल दोन आठवडे खरोखरच बरं राहतं आणि चुकीच्या निदानाला बळकटी येते. तिसऱ्या फेरीला एक्सरे निघतो, एका बाजूला डाग दिसतो आणि आपल्या देशात एका बाजूचा न हटणारा डाग म्हटलं की क्षयाची शंका येते. ती चुकीचीही नाही. क्षयाच्या गाठी श्वासनळी बाहेरून दाबतात आणि हुबेहूब असंच चित्र तयार करतात. पण क्षयाचे सहा महिन्यांचे उपचार सुरू करण्याआधी कुणी ठसक्याबद्दल विचारलं होतं का, हे केसपेपरवर शोधून पाहावं. बहुतेक वेळा सापडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या आजाराची सगळ्यांत खात्रीची तपासणी फुकट आहे आणि तीच राहून जाते. अचानक लागलेल्या जबरदस्त ठसक्याचा इतिहास, हा या निदानातला सर्वांत भरवशाचा धागा आहे, हे इतक्या देशांतल्या इतक्या रुग्णालयांच्या नोंदींतून दिसलं आहे की त्यावर आता वाद उरलेला नाही. खोकला, घरघर आणि एका बाजूला हवा कमी, ही परीक्षेत विचारली जाणारी त्रयी निम्म्याहून कमी मुलांत एकत्र सापडते. ठसका त्याहून कितीतरी जास्त जणांत लागलेला असतो. फक्त तो काढून घ्यावा लागतो.

कारण तो आपणहून कोणी सांगत नाही. आईला खोकल्याचा आणि महिन्यापूर्वीच्या पोह्यांचा संबंध वाटत नाही, हे एक कारण. दुसरं कारण आपण डॉक्टर मंडळी कागदावर कधी लिहीत नाही: घरात दोष कुणाच्या माथी येणार, याची भीती. ‘काय खायला दिलं होतं याला?’ असा प्रश्न टाकून बघा. बाकावर आई, शेजारी सासू, मागे बाप उभा. तिघेही गप्प. आई खाली बघते. शेवटी आजी ठामपणे म्हणते, “न्हाई वो डॉक्टर, शेंगाबिंगा आमी कदीच देत न्हाई त्याला.” पुढे ‘गिळल्याचा इतिहास नाही’ अशी नोंद होते आणि ती नोंद त्या मुलाच्या कागदांबरोबर गावोगाव फिरते.

अशाच एका मुलाबरोबर त्याची सहा-सात वर्षांची बहीण आली होती. मोठ्या माणसांना बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, “तू आणि भाऊ काय खेळत होता गं, जेव्हा त्याला खूप खोकला आला?” ती पटकन म्हणाली, “दुकान दुकान.” दुकानात काय होतं? “शेंगा. मी फोडून त्याला भरवल्या, तो रडायला लागला, मग आजीने पाठीत मारलं.” अशा साक्षीपुढे एक्सरेने काही वेगळं सांगितलं तरी मी ते मानलं नसतं. शेंगा काढणीच्या दिवसांत आई-बाप शेतात असतात, धाकट्याला थोरलं सांभाळतं आणि प्रेमाने भरवतं. म्हणून प्रश्न आधी त्याला विचारावा, जो त्या वेळी घरात होता.

आणि विचारावा कसा? दोष न देता. “एवढी मुलं पाहतो आम्ही, प्रत्येक घरात ठसका लागतोच. याला गेल्या दोन-तीन महिन्यांत कधी फार मोठा लागला होता का? तोंड लाल-निळं झालं, श्वास कोंडला, असं?” पहिल्या वाक्याने घरच्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. “गिळलं का?” असं विचारू नये, गिळलेलं पोटात जातं, म्हणून लोक सरळ नाही म्हणतात आणि ते खरंही असतं. एवढं करूनही काही घरांत ठसका कुणीच पाहिलेला नसतो. म्हणून उत्तर ‘हो’ आलं तर त्याला मोठं वजन द्यावं. ‘नाही’ आलं तर त्यावर विसंबू नये.

नुसत्या हकिगतीवर निदान करता येतं, याचा जुना आणि प्रसिद्ध दाखला एका मोठ्या माणसाचा आहे. इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा अभियंता इझमबार्ड किंग्डम ब्रुनेल १८४३ च्या एप्रिलमध्ये आपल्या मुलांना जादूचा खेळ दाखवत होता. तोंडात लपवलेलं अर्ध्या सॉव्हरिनचं सोन्याचं नाणं घशात गेलं. क्ष-किरणांचा शोध अजून बावन्न वर्षं दूर होता. ब्रुनेल खुर्चीवर पालथा वाकला, तेव्हा नाणं वर सरकल्यासारखं वाटलं. सरळ झाला की ते परत छातीत उतरलं. एवढ्या सांगण्यावर शल्यविशारद बेंजामिन ब्रोडी यांनी नाणं उजव्या श्वासनलिकेत असल्याचं ठरवलं. ब्रुनेलला फिरत्या फळीला बांधून उलटं केलं, तर नाणं स्वरयंत्रापाशी येऊन अडकलं आणि त्याचा श्वास कोंडला. मग ब्रोडींनी गळ्याला छेद देऊन श्वासाला वेगळी वाट केली आणि चिमट्याने प्रयत्न केले, ते फसले. अखेर मे महिन्यात, सुमारे सहा आठवड्यांनी, पुन्हा उलटं केल्यावर नाणं तोंडातून बाहेर पडलं.

या गोष्टीतला एक भाग आपल्या घरांसाठी महत्त्वाचा आहे. मूल श्वास घेत असेल, रडत असेल, खोकत असेल, तर त्याला पायांना धरून उलटं लटकवू नये. खाली निवांत बसलेली वस्तू वर येऊन स्वरयंत्रात अडकली, तर अर्धवट बंद नळीची पूर्ण बंद नळी होते. खोकू द्यावं. खोकला निघतच नसेल, आवाज बंद झाला असेल, ओठ काळेनिळे पडत असतील, तरच पाठीवर खांद्यांच्या मध्ये जोरात पाच थापा आणि मग, एक वर्षाखालच्या बाळाला छातीवर, त्याहून मोठ्याला बेंबीच्या वर पोटावर, पाच दाब. दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपून काढू नये. ती खाली ढकलली जाते. हे सगळं पुस्तकात चित्रांसह आहे, म्हणून इथे थांबतो.

तपासणीत कानाला काय सापडतं? दमा दोन्ही फुफ्फुसांचा आजार आहे. घरघर एकाच बाजूला असेल, किंवा एका बाजूला हवाच कमी शिरत असेल, तर दमा हा शब्द जरा मागे ठेवावा. वस्तू मुख्य श्वासनळीतच हलती असेल, तर दोन्ही बाजूंना सारखीच घरघर येते आणि खोकताना वस्तू वर आपटल्याचा ‘टप्’ असा आवाज कधी कधी स्टेथोस्कोपशिवायही ऐकू येतो. गळ्यावर हात ठेवला तर धक्का जाणवतो. रडणाऱ्या मुलाच्या छातीतून काही ऐकू येत नाही, अशी तक्रार असते. आईच्या खांद्यावर झोपू द्यावं आणि मग मागून ऐकावं. घाईच्या ओपीडीत ही दहा मिनिटं कोणी देत नाही.

आता एक्सरे. ‘फोटो नॉर्मल आहे’ हे या आजारातलं सर्वांत महाग वाक्य. दाणे, बिया, सुपारी, प्लास्टिक यांतलं काहीही क्ष-किरणांना अडवत नाही. आत गेलेल्या वस्तूंपैकी साधारण दहावा हिस्साच थेट दिसतो. म्हणून एक्सरेत दाणा शोधायचा नसतो, दाण्याने हवेचं काय केलं ते शोधायचं असतं. श्वास घेताना नळ्या रुंदावतात, हवा दाण्याच्या कडेने आत जाते. सोडताना नळ्या आवळतात आणि वाट बंद होते. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखं हे काम चालतं. दर श्वासाला थोडी हवा आत कोंडते, ते फुफ्फुस फुगतं, एक्सरेत जास्त काळं दिसतं, त्याच्या खालचा पडदा सपाट होतो, आणि श्वास सोडतानाच्या फोटोत हृदय दुसऱ्या बाजूला ढकललेलं दिसतं. श्वास आत घेतानाच्या फोटोत मात्र दोन्ही बाजू जवळपास सारख्या असू शकतात. नेहमी निघतो तो हाच फोटो.

इथे एक गंमतशीर, पण महागात पडणारी चूक होते. फुगलेल्या आजारी फुफ्फुसाशेजारी निरोगी फुफ्फुस पांढुरकं दिसतं. पाहणाऱ्याची नजर पांढऱ्यावर जाते आणि निदान होतं ‘डाव्या बाजूचा न्यूमोनिया’, दाणा मात्र उजवीकडे. वाचताना प्रश्न असा विचारावा, की कोणती बाजू श्वासागणिक बदलत नाही? जी बदलत नाही ती आजारी. पुढे नळी पूर्ण बंद झाली की चित्र उलटतं. कोंडलेली हवा रक्तात शोषली जाते, फुफ्फुस आक्रसतं आणि मग आजारी बाजूच पांढरी पडते.

दोन वर्षांच्या मुलाला ‘श्वास सोडून थांब’ सांगून उपयोग नाही, म्हणून त्याला कुशीवर झोपवून फोटो काढायची पद्धत आहे: खालच्या बाजूचं फुफ्फुस दबायला हवं, न दबलं तर तिथे हवा अडकली आहे. लेखकांनी या पद्धतीला बरीच पानं दिली आहेत. माझा इथे मतभेद आहे. हे फोटो वाचणं कठीण, चुकीचे ‘हो’ आणि चुकीचे ‘नाही’ दोन्ही भरपूर आणि घाबरलेल्या मुलाला कुशीवर दाबून धरण्यात त्याचा श्वास आणखी बिघडतो. शंका पक्की असेल तर हा वेळ रुग्णवाहिकेत घालवलेला बरा.

सीटी स्कॅनने मात्र चित्र बदललं आहे. आजची यंत्रं काही सेकंदांत, कमी किरणांत, बऱ्याचदा भूल न देता छाती पाहतात आणि वस्तू असेल तर ती क्वचितच निसटते. घट्ट कफाचा गोळा मात्र वस्तूसारखा भासू शकतो. ज्या मुलाचा इतिहास धूसर आहे, तपासणी धड इकडे ना तिकडे, त्याच्यासाठी सीटी उत्तम. ज्याचा इतिहास स्पष्ट आहे आणि एका बाजूला हवा कमी आहे, त्याला सीटीच्या रांगेत बसवण्यात अर्थ नाही. ज्याला धाप लागली आहे, त्याला तर मुळीच नाही.

शेवटी दुर्बीण. लोक तिला याच नावाने ओळखतात आणि तिलाच घाबरतात. १८९७ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गला गुस्ताव किलियन यांनी एका वयस्क शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेत अडकलेला डुकराच्या हाडाचा तुकडा सरळ धातूच्या नळीतून काढला. तोवर अशा रुग्णांना निसर्गावर सोडत किंवा छेद देत. अमेरिकेत शेव्हेलिअर जॅक्सन यांनी या कामाला शिस्त लावली आणि काढलेली प्रत्येक वस्तू जपून ठेवली. फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात त्यांच्या संग्रहातल्या २,३७४ वस्तू खणांतून मांडलेल्या आहेत: टाचण्या, बटणं, नाणी, हाडं, बिया. पुढे हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या भिंगांनी नळीत लख्ख उजेड आणि स्पष्ट चित्र आणलं आणि चिमटा डोळ्यांदेखत चालवता येऊ लागला.

सरळ, ताठ नळीचा फायदा असा की तिच्यातूनच मुलाला प्राणवायू देता येतो आणि तिच्यातूनच चिमटाही जातो. भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद एकाच अरुंद वाटेवर काम करत असतात. दोघांचं जमलेलं असणं यंत्राइतकंच महत्त्वाचं. ताजा दाणा काढायला सोपा: पिवळसर, गुळगुळीत अर्धी डाळ, चिमट्यात अलगद येते. तीन आठवडे जुना दाणा ओलावा पिऊन फुगलेला, मऊ पडलेला असतो. शेंगदाण्याच्या तेलाने अस्तर चिडून सुजलेलं, जरा धक्का लागला की रक्त येणारं, त्यावर पू. चिमटा जोरात दाबला तर दाण्याचा भुगा होतो आणि कण खोल नळ्यांत उतरतात. म्हणून दाणा निघाल्यावर दुर्बीण पुन्हा आत घालून दोन्ही बाजू पाहायच्या असतात. दुसरा तुकडा निघणं काही अपूर्वाई नाही.

आणि काहीच निघालं नाही तर? अनुभवी केंद्रांतही काही मुलांच्या नळ्या स्वच्छ निघतात. आई-बापांना वाटतं उगाच भूल दिली, पैसे गेले. तरुण डॉक्टर ओशाळतात आणि पुढच्या वेळी थांबून बघू म्हणतात. मी त्यांना म्हणतो, थांबू नका. ज्या विभागात एकही दुर्बीण रिकामी निघत नाही, तिथे काही दाणे आत राहून जात असणार. जिथे लवचीक दुर्बीण आणि ती चालवणारा हात आहे, तिथे धूसर शंकेच्या मुलांत आधी तिने पाहून घेता येतं आणि वस्तू दिसली तरच ताठ नळी. आई-बापांना हे आधीच सांगावं: आपण बघायला जातोय, काही नसलं तर ती चांगली बातमी.

महाराष्ट्रात लहान मुलांची अशी दुर्बीण होते ती मोजक्या शहरांत, मोठ्या रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत. शंका येते ती मात्र तालुक्याच्या दवाखान्यात, किंवा आलीच तर तिथेच यायला हवी. मधलं अंतर पार करताना मुलाला काही खायला-प्यायला देऊ नये, आईच्या मांडीवर बसवूनच न्यावं, गरज असेल तर प्राणवायू लावावा, कफ सुटावा म्हणून छाती थोपटू नये. वस्तू जागची हलली तर वाटेत करण्यासारखं फार थोडं असतं.

तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्यांनी हे पुस्तक शेवटच्या प्रकरणापासून वाचावं. त्यात मूल पुढे पाठवताना द्यायच्या चिठ्ठीचा नमुना आहे: ठसका कधी लागला, तेव्हा मूल काय खात किंवा खेळत होतं, कोणी पाहिलं, हवा कोणत्या बाजूला कमी, फोटो श्वास घेतानाचा की सोडतानाचा, शेवटचं दूध किती वाजता. ‘न्यूमोनिया, उपचारांना दाद नाही’ एवढंच लिहिलेलं मूल रात्री पोचलं की वॉर्डात दाखल होतं, सलाईन लागतं आणि सकाळच्या राउंडची वाट बघतं. ‘श्वासनळीत दाणा असल्याची शंका, बहिणीने पाहिलं’ असं लिहिलेलं मूल पोचलं की भूलतज्ज्ञाला फोन जातो.